रानात भरणाऱ्या वर्गात अभ्यास होतो की नाही, हे पालकाने कसे ओळखावे?

प्रश्न : मांजराकाठचा पालक (लातूर जिल्हा)

नमस्कार. माझी मुलगी चौथीत आहे आणि दोन वर्षांपासून बालाघाटाच्या डोंगररांगेलगतच्या एका लहान शाळेत जाते. तिथे तिसरी आणि चौथीची मुले एकत्र बसतात, पट कमी आहे, आणि परिपाठानंतर दुपारच्या सुट्टीपर्यंतचा बराचसा वेळ वर्गाबाहेर जातो. कधी परसबागेत, कधी शेजारच्या शेताच्या बांधावर, कधी जवळच्या ओढ्यावर. पाठ्यपुस्तके बालभारतीचीच आहेत, परंतु ती क्रमाने उघडली जातात असे दिसत नाही. गृहपाठ जवळजवळ नसतो.

मुलगी आनंदात आहे, शाळा बुडवायला तयार नसते, म्हणून आम्हा दोघांची तक्रार नाही. प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांचा आहे, आणि खरे सांगायचे तर थोडा माझाही आहे. "आज काय शिकवलं?" असे विचारले की उन्हाळ्यात ती सांगते, "भेगा मोजल्या", पावसाळ्यात सांगते, "बाटलीतलं पाणी मोजलं", परवा म्हणाली, "सुगरणीची घरटी मोजली." माझे वडील आयुष्यभर शेती केलेले. ते म्हणतात, "मोजायला शाळा कशाला लागते?"

आमचा जिल्हा कोणता, हे आपण जाणताच. दहावी-बारावीच्या 'लातूर पॅटर्न'साठी इतर जिल्ह्यांतील मुले इथे खोल्या घेऊन राहतात, आणि त्या वातावरणाचा वारा आता चौथीपर्यंत येऊन पोहोचला आहे. माझ्या भावाची मुलगी शहरात त्याच इयत्तेत आहे. तिच्या सराव-पुस्तिकांची चळत पाहिली की आमच्या मुलीचे दप्तर फारच हलके वाटू लागते. पुढच्या वर्षी नवोदयची, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी विद्यालयात सहावीला प्रवेश देणारी परीक्षा द्यावी, अशीही घरात इच्छा आहे.

निसर्ग चांगला की वाईट, हा माझा प्रश्न नाही. अशा शाळेत मूल खरोखर शिकते आहे की नुसते हिंडते आहे, हे शिक्षक नसलेल्या माणसाने कशावरून ओळखावे, एवढेच मला विचारायचे आहे.

उत्तर : बालाघाटातली शिक्षिका (बीड जिल्हा)

नमस्कार. मी अशाच पद्धतीच्या एका शाळेत तिसरी-चौथीला शिकवते, त्यामुळे माझे म्हणणे एका बाजूचे आहे असे गृहीत धरूनच वाचावे.

आपल्या वडिलांची शंका मला रास्त वाटते. नुसते मोजून आणणे हा अभ्यास नव्हेच. आलेल्या आकड्याचे वर्गात पुढे काय होते, त्यावर सारे अवलंबून आहे. आपल्या मुलीने सांगितलेल्या बाटलीचेच उदाहरण घेते, कारण आमच्याकडेही ती बाटली आहे.

सरळ भिंतींची एक प्लॅस्टिकची बाटली घेऊन तिचा वरचा भाग कापायचा आणि तो उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवायचा. बाटलीचा तळ खोलगट-उंचवट असतो, म्हणून तळाशी खडे टाकून ते बुडतील एवढे पाणी भरायचे आणि त्या पातळीवर शून्याची रेघ मारायची. तिथून वर मोजपट्टी चिकटवली की झाला पर्जन्यमापक. तो झाडाखाली किंवा पत्र्याच्या वळचणीला ठेवायचा नाही, हे मुलांना सांगावे लागत नाही. पहिल्याच आठवड्यात दोन गटांचे आकडे जुळत नाहीत आणि भांडणातून त्यांना ते कळते. हवामान खाते सकाळी साडेआठ वाजता चोवीस तासांचा पाऊस मोजते, म्हणून शाळेजवळ राहणारी दोन मुले त्याच वेळी नोंद घेतात आणि परिपाठात ती वाचून दाखवतात.

इथपर्यंतचा भाग कोणीही करील. पुढचा भाग गणिताचा आहे. ५० सेंटीमीटर लांब आणि २० सेंटीमीटर रुंद अशा एका पसरट ट्रेमध्ये आम्ही एक लिटर पाणी ओततो; पाण्याची उंची बरोबर एक सेंटीमीटर, म्हणजे १० मिलिमीटर भरते. असे दहा ट्रे शेजारी शेजारी मांडले तर एक चौरस मीटर जागा होते, हे मुले खडूने फरशीवर आखून पाहतात. मग एक चौरस मीटरवर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे १० लिटर, आणि १ मिलिमीटर म्हणजे १ लिटर, हे त्यांचे तेच काढतात. त्यानंतर शाळेचा पत्रा मोजायचा. आमचा १२ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद आहे, म्हणजे ७२ चौरस मीटर. रात्री २० मिलिमीटर पाऊस झाला असेल तर त्या पत्र्यावर १,४४० लिटर पाणी पडले. उन्हाळ्यात टँकरमागे घागरी घेऊन धावलेल्या मुलांना हा आकडा आला की वर्गात शांतता राहत नाही. ते पाणी गेले कुठे, पन्हळ का नाही, टाकी केवढी लागेल, असे प्रश्न सुरू होतात, आणि गुणाकाराची जी उदाहरणे मला फळ्यावर द्यावी लागली असती ती मुले स्वतःच एकमेकांना घालतात.

याच नोंदींचा दुसरा उपयोग पेरणीच्या वेळी होतो. साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज खरिपाची पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग दर वर्षी देतो. आमची मुले जून महिन्यात रोजच्या पावसाची बेरीज पुढे पुढे नेत असतात आणि ७५ चा आकडा कोणत्या दिवशी ओलांडला ते तारखेसह लिहितात. घरी जाऊन "अजून पेरू नका" असे सांगणाऱ्या मुलांचे ऐकले जाते असा माझा दावा नाही. परंतु दुबार पेरणीचे संकट आले की त्या वहीला वडीलधारी माणसे विचारू लागतात, हे मी पाहिले आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला की 'अतिवृष्टी' धरतात. हा आकडा मुलांनी चावडीवर ऐकलेला असतो, आणि आपल्या बाटलीतला आकडा त्याच्याशी ताडून पाहण्याची त्यांना फार हौस असते. मंडळाच्या ठिकाणी एक पाऊस आणि आपल्या शिवारात दुसराच, असे का होते, यावर तर आमच्याकडे मोठ्यांच्या ग्रामसभेपेक्षा अधिक मुद्देसूद चर्चा झालेली आहे.

आपल्या वडिलांना यात ओढा, असे मी आवर्जून सुचवीन. मृगापासून हस्तापर्यंतची पावसाची नक्षत्रे त्यांना नक्कीच तोंडपाठ असतील. आमच्या वर्गात एका मुलीच्या आजोबांनी ती सांगितली आणि मुलांनी पावसाची नोंद महिन्यांऐवजी नक्षत्रांनुसार पुन्हा मांडली. एकूण नक्षत्रे २७, वर्षाचे दिवस ३६५. भागाकार केला तर प्रत्येकाला १३ दिवस येतात आणि १४ दिवस उरतात. हे उरलेले १४ दिवस कोणाला द्यायचे, यावर तिसरीतल्या एका मुलाने सुचवले की १४ नक्षत्रांना एक-एक दिवस जास्त द्यावा. मग पंचांग उघडले, तर खरोखरच काही नक्षत्रे १३ दिवसांची आणि काही १४ दिवसांची निघाली. 'बाकी' म्हणजे काय, हे त्या वर्गाला मला पुन्हा समजावून सांगावे लागले नाही.

सुगरणीच्या घरट्यांविषयी थोडक्यात. विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर घरटी असतात, म्हणून आम्ही कठड्यापासून दूर दोरी बांधून तिच्या अलीकडूनच पाहतो. प्रत्येक मूल एक घरटे 'आपले' मानते आणि दर आठवड्याला त्याचे चित्र काढते. काही घरटी नळीपर्यंत पूर्ण होतात, काही मुंडाशासारखी अर्धवटच लोंबत राहतात. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडले तरच तो ते पूर्ण करतो. हे उत्तर पहिल्याच दिवशी देण्याचा मोह शिक्षकाने आवरावा लागतो, आणि माझ्या मते अशा शाळेतील शिक्षकाचे सर्वांत कठीण काम तेच आहे. मुले आधी "दोरा संपला", "पाऊस आला", "मालक मेला" असे तर्क लिहितात, मग एकमेकांचे तर्क खोडतात. पूर्ण घरटी किती आणि अर्धवट किती, यावरून अपूर्णांकही येतात, पण तो भाग मला तेवढा महत्त्वाचा वाटत नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळते. मुलीची वही उघडा आणि बाहेरून आल्यावर तिने स्वतः लिहिलेले पान पाहा. त्यावर तारीख आहे का, आकड्यापुढे मिलिमीटर किंवा सेंटीमीटर लिहिले आहे का, आधीचे काही खोडून सुधारले आहे का, आणि तिला न सुटलेला एखादा प्रश्न कुठे लिहून ठेवला आहे का, हे तपासा. वही केवळ सुबक चित्रांनी आणि फळ्यावरून उतरवून घेतलेल्या एकसारख्या वाक्यांनी भरलेली असेल, तर शाळा रानात भरत असली तरी शिकवण्याची रीत जुनीच आहे असे समजावे. आणि पानच नसेल, तर त्या दिवशी मुले खरोखरच हिंडून आली. तेही अधूनमधून व्हावे, मात्र रोज नव्हे.

उत्तर : जिल्हा परिषद शाळेतील गुरुजी (परभणी जिल्हा)

ताईंनी सविस्तर लिहिले आहे आणि त्यातील बरेचसे मला मान्य आहे. तरीही काही गोष्टी दुसऱ्या बाजूने सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट अशी की यासाठी वेगळी शाळा लागतेच असे नाही. तिसरीपासून 'परिसर अभ्यास' हा विषयच आहे, आणि शाळा शिवारात नेण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम करताना गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे दिसले, तेव्हा त्यांनी मुलांच्या मागे कुरणात जाऊन 'कुरणशाळा' चालवली. ती शाळा बाहेर भरत होती, कारण मुले बाहेर होती. आज निसर्गशाळांच्या माहितीपत्रकांत हिरवी छायाचित्रे पाहतो तेव्हा मला हा फरक आठवतो.

आमच्या गावातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुले आजी-आजोबांकडे राहिली किंवा हंगामी वसतिगृहाची सोय झाली तर शाळेत टिकतात, नाहीतर फडावर जातात. त्यांना पाचट, मोळी, बैलांचा चारा, थंडीतली पहाट हे सारे माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असते. मी एकदा पालकसभेत बाहेरच्या अभ्यासाचे महत्त्व सांगू लागलो, तेव्हा एका आईने मला मध्येच थांबवले : "उन्हात तर आम्ही रोजच हाव गुरुजी, लेकरांला तरी सावलीत बसवा." या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही. मी बाहेर नेतोच, परंतु त्या मुलांना आधी वाचता आले पाहिजे, यावर मी तडजोड करत नाही.

दुसरी गोष्ट गटकामाविषयी आहे, आणि पालकांनी ती विशेष लक्षात घ्यावी. चौघांच्या गटात एक चुणचुणीत मूल नोंद लिहिते, एक बोलते, एक चित्र काढते आणि एक टेप धरून उभे राहते. वर्षभर टेप धरणारे मूल तेच राहिले, तर त्याचे गणित तिथेच थांबते आणि गटाची वही मात्र उत्तम दिसते. तेव्हा आपल्या मुलीला "आज काय केले" असे विचारू नका. "तुझ्या हातात काय होते" असे विचारा. दोन-तीन आठवडे उत्तर एकच येत असेल तर शिक्षकांशी बोला.

वाचन-गणिताची पातळी घरीच पाहता येते. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीचे लक्ष्य असे आहे की मुलाने अर्थ समजून मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत आणि ९,९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात. आपली मुलगी चौथीत आहे, म्हणजे हे तिला सहज यायला हवे. तिने कधी न पाहिलेला परिच्छेद द्या, घड्याळ लावा, आणि वाचून झाल्यावर आशयावर दोन प्रश्न विचारा. चार अंकी हातच्याच्या दोन वजाबाक्या घाला. हे जमले तर दप्तर हलके असल्याची चिंता सोडून द्यावी. जमले नाही तर शाळेला रीतसर विचारावे, आणि "मूल आपल्या गतीने शिकेल" या उत्तरावर परत येऊ नये.

पाढ्यांबाबत माझे मत जुने आहे. २० पर्यंतचे पाढे पाठ असलेच पाहिजेत. पत्र्यावरचे पाणी काढायला ७२ गुणिले २० करताना जे मूल बोटे मोजत बसते, त्याला पाण्याचा विचार करायला सवड उरत नाही.

मांजराकाठचा पालक

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री वही पाहिली. तारखा आहेत, खाडाखोड आहे, आणि एका पानावर "काळी माती भेगाळते, मुरूम का भेगाळत नाही?" असे लिहून पुढे जागा कोरी सोडली आहे. वाचन गुरुजींनी सांगितलेल्या मर्यादेच्या बरेच पुढे आहे. वजाबाकी मात्र तिने बरोबर केली तरी वेळ फार घेतला. वडिलांना नक्षत्रांचे सांगितले, तर त्यांनी उलट तिलाच प्रत्येक नक्षत्राचे वाहन विचारले.

आता एकच प्रश्न उरतो. नवोदयचा विचार करून पुढच्या वर्षी, म्हणजे पाचवीला, तिला लातूर शहरातील शाळेत घालावे काय?

उत्तर : धाराशिवची आई

माझा मुलगा चौथीपर्यंत अशाच शाळेत होता आणि आता लातूरला नववीत आहे, म्हणून लिहिते.

शाळा बदलल्यावर त्याला विषय समजण्यात अडचण आली नाही. अडचण आली ती वेगाची आणि प्रश्नाच्या भाषेची. "कारणे द्या" म्हटले की तो दीड पान लिहायचा, आणि दोन गुणांसाठी दोन वाक्ये पुरतात हे त्याला पटायला पहिले सत्र गेले. एका जागी तीन तास बसणेही त्याला जड गेले. उलट, विज्ञानाच्या प्रयोगवहीत त्याचे निरीक्षण नेहमी स्वतःचे असे, आणि त्याबद्दल एकदा त्याचे गुण कापलेही गेले, कारण पुस्तकातला आकडा वेगळा होता. तो विषय निराळा आहे, इथे वाढवत नाही.

नवोदयविषयी मात्र घाई करण्यापूर्वी नियम पाहावेत. या विद्यालयांत किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी असतात, आणि ग्रामीण म्हणून पात्र ठरण्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण केलेली असावी लागतात. पाचवीला तिला लातूर शहरात आणले तर हा हक्क जाईल. म्हणजे ज्या परीक्षेसाठी शाळा बदलायची, त्याच परीक्षेत तिचे नुकसान होईल. परीक्षा एकदाच देता येते, हेही ध्यानात असावे.

प्रश्नपत्रिका दोन तासांची, ८० प्रश्नांची आणि १०० गुणांची असते. त्यातले ४० प्रश्न आकृत्यांच्या बुद्धिमत्ता चाचणीचे, २० अंकगणिताचे आणि २० भाषेचे असतात, आणि पेपर मराठीतून देता येतो. भाषेत उतारे वाचून उत्तरे द्यायची असतात, तिथे आपल्या मुलीला त्रास होईल असे वाटत नाही. आकृत्यांचा सराव कोणत्याच शाळेत आपोआप होत नाही, तो घरीच करून घ्यावा लागतो. वजाबाकीचा वेग तर रोज जेवणाआधी पाच उदाहरणे घड्याळ लावून सोडवली तरी काही महिन्यांत वाढतो. वेळ अमावस्येपर्यंत, म्हणजे आपल्याकडच्या हिवाळ्यातल्या शेतातल्या सणापर्यंत, एवढेच करा. त्या दिवशी तुमच्याकडे सगळे शेतात असतीलच, तेव्हा आजोबांसमोर तिला घड्याळ लावून दहा उदाहरणे घालून बघा.

मात्र त्याआधी एक काम याच आठवड्यात करावे. मुख्याध्यापकांना भेटून शाळेची मान्यता आणि यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) पाहून घ्यावा, पाचवीचा वर्ग तिथे मान्य आहे का ते विचारावे, आणि मुलीचे नाव, जन्मतारीख व आधार क्रमांक शाळेच्या ऑनलाइन नोंदीत बरोबर आहेत का हे स्वतः पाहावे. शाळा बालाघाटालगत आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून आणखी एक विचारते : ती लातूर जिल्ह्यातच येते ना? मूल पाचवीत जिथे शिकते आणि जिथे राहते तो जिल्हा एकच असावा लागतो, आणि आपल्या भागात ओढ्याच्या पलीकडे बीड जिल्हा सुरू होतो.